कागदातली रोपं

ते साल १९९३. दसरा रविवारी झाला आणि सोमवारी सकाळी शिरीनबाईंनी मला पंपाच्या खोलीत बोलावलं. माझ्या हातात पाठकोरा कागद आणि लाल पेन्सिल दिली.

"लिही, अनसू. मोठा मोठा अक्षर काढ. मी चार दिवस मुंबईला जाते, डोळ्याच्या ऑपरेशनला. शुक्रवारी येते. ही रोपं आता थांबणार नाय, उद्या लागली पायजेत."

मी पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून लिहायला लागले. बाई सांगत होत्या आणि बोलता बोलता एकेक रोप उचलून दाखवत होत्या.

पाचगणीच्या पठाराखाली उताराला ह्या पारशी बाईंचा मळा होता. स्ट्रॉबेरी, कोबी, फरसबी आणि मुंबईच्या हॉटेलांना लागणाऱ्या नाना तऱ्हेच्या विलायती भाज्या. त्या मळ्याचा वास मला आजही येतो. शेणखत, ओली माती आणि सकाळी बाईंच्या बंगल्यातून येणारा भाजलेल्या पावाचा. मला तिथं तेव्हा दहा वर्षं झाली होती. सातवी शिकलेली, म्हणून बायांची हजेरी मी घ्यायची, वाफ्यांवरच्या पाट्या मी लिहायची, आणि कुठलंही नवं बी आलं की बाई आधी मला हाक मारायच्या.

त्या वर्षी नवं होतं ते झुकिनीचं बी. बाईंच्या भाच्यानं परदेशातून आणलेलं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या बाटलीला गुंडाळून आम्ही नळ्या केल्या, त्यांत खतमाती भरली आणि एकेका नळीत एकेक बी घातलं. दोनशे बावन्न उगवली. तीन आठवड्यांत प्रत्येकाला तळहाताएवढी दोन पानं आली. ह्याला नाव काय द्यायचं ते आम्हां बायकांना कळेना, तेव्हा मथुरा म्हणाली, "काकडी म्हणावी तर वेल जात न्हाई, भोपळा म्हणावा तर पोट सुटत न्हाई. बाईंच्यासारखंच हाय. बाईंची काकडी म्हणा." तेव्हापासून बाईंची काकडी.

"ह्या झाडाचा पाय लई नाजूक," बाई सांगत होत्या. "मिरची, कोबी, स्ट्रॉबेरी, सगळ्याची माती झाडून लावली तरी ते रुसत नाय. हा रुसतो. मुळाला हवा लागली के खल्लास. म्हणून कागदासकट पुरायचा. कागद जमिनीत कुजून जाते. लिहिला?"

"लिहिलं."

"संध्याकाळी लावायचा, ऊन उतरल्यावर. देठ धरायचा नाय, पान धरायचा. पान तुटला तर दुसरा येते, देठ चेपला तर झाड गेला. मानेपर्यंत माती नको, नायतर कुजते. तीन दिवस वरून पानाची सावली. बारा रोपं बाजूला ठेव, नांग्या भरायला. एखादा मेला तर त्याच्या जागी."

सगळं लिहून झाल्यावर तो कागद मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तिथं आधी एक कागद होता, तोही मीच लिहिलेला. 'नळ बंद करा.' त्याच्यावरच हा नवा अडकवला.

मग बाई म्हणाल्या, "तू लावू नको हां. इंदूला लावू दे. तिचा हात हलका आहे. तुझा आता जाडा झाला." आणि हसल्या. "हे लागले के पंपाजवळची खोली तिला देणार. पोरीला आणू दे. दोघी मिळून मळा बघा. तू पण आणि ती पण, सारख्या."

"बरं, बाई," मी म्हणाले.

खोली मला नको होती. खाली गावात माझं स्वतःचं घर होतं, नवरा होता, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. हे मी आधीच सांगून ठेवते.

इंदू पोलादपूरच्या बाजूची. नवऱ्यानं मुंबईत दुसरी केली आणि हिला टाकली. आषाढात ती घाट चढून कामाला आली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "लिहिता-वाचता येतं ना? मला पाट्या वाचणारी बाई पायजे." इंदू माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी मागून हळूच म्हणाले, "हो म्हण. कोण बघतंय." ती हो म्हणाली. तेव्हापासून तिच्या वाट्याच्या पाट्या मी तिला वाचून दाखवायची आणि ती त्या तोंडपाठ करायची. मला ती आवडायची. दुपारी आम्ही एका फडक्यावर भाकरी खायचो. तिला थंडी सोसत नव्हती म्हणून मी माझा तपकिरी स्वेटर तिला दिला होता.

तिची मुलगी यमी तिच्या भावाकडं होती; त्याची पत्रंही मीच वाचायची. दसऱ्याच्या आठवड्यात एक आलं होतं. यमीला आठवं लागलं, मुंबईला एका घरी मूल सांभाळायला ठेवायची बोलणी झाली आहेत, दिवाळी झाली की धाडणार. तू नेत असशील तर त्याच्या आत ने, मग आम्हाला बोल लावू नकोस.

"परत वाचा, आक्का," इंदू म्हणाली होती. मी परत वाचलं.

"दिवाळीला किती दिस हायत?"

"तीन आठवडे."

"आठ वर्साची पोर मूल सांभाळनार," ती म्हणाली. "तिलाच अजून न्हाऊ घालावं लागतं."

बाईंची जीप सोमवारी दुपारी गेली. संध्याकाळी मी बारा नळ्या पाटीत घातल्या आणि घरी घेऊन गेले. इंदूला मी तोवर एवढंच सांगितलं होतं, की रोपं तू लावायचीस आणि ती लागली तर खोली तुझी. ती एकदम खालीच बसली. मग तिनं माझे पाय धरले. "आक्का, तुम्हीच सांगितलं असनार बाईंना."

मी तिला हाताला धरून उठवलं.

मंगळवारी सकाळी ती माझ्या आधी मळ्यावर हजर. डोक्याला फडकं, लुगडं खोचलेलं. सऱ्या तिनं पहाटेच ओल्या करून ठेवल्या होत्या. मी चहाची किटली घेऊन बांधावर बसले.

"आक्का, ह्यो कागद काढायचा ना?"

मी म्हणाले, "कागद कुणी जमिनीत पुरतं का?"

ती हसली. "तेच म्हनलं. मूळ गुदमरंल." तिनं पहिली नळी फाडली. आतली माती मुळांसकट एकसंध होती, पांढऱ्या सुतांनी विणल्यासारखी. ती तिनं तळहातावर घेतली आणि थबकली. "माती झाडू का, आक्का?"

"तुमच्याकडं भाताचा तरवा उपटल्यावर काय करता?"

"मुठीनं धरायचा नि पायाच्या घोट्यावर आपटायचा. माती जाती, मूळ मोकळं व्हतं. मग चिखलात जोरात खोवायचा."

"आणि स्ट्रॉबेरीला आपण काय केलं?"

"मुळं धुतली."

"मग?"

मी तिला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. मी नुसते प्रश्न विचारले.

तिनं रोपाचा देठ चिमटीत धरला, घोट्यावर दोनदा हळूच आपटला. माती गळून पडली. मुळं बादलीत बुचकळली. आणि मग ते रोप तिनं असं लावलं, की त्या हाताकडं बघत राहावं. अंगठ्यानं भोक, रोप आत, दोन बोटांनी माती दाबलेली, एक पाऊल मागं. भातलावणीची बाई मागं मागं सरकत लावते, तशी ती सरकत होती. वाकलेली ती वर उठतच नव्हती. थोड्या वेळानं तिनं गाणं धरलं. लावणीच्या वेळी त्यांच्याकडं म्हणतात ते. त्यात ती मधेच यमीचं नाव घालत होती.

पाणी प्यायला ती पंपाच्या खोलीत गेली तेव्हा तिनं तो कागद बघितला.

"आक्का, ह्ये काय लिवलंय? बाई काही सांगून गेल्या का?"

"बाई तिथं काय लिहून लावतात, तुला ठाऊक नाही का?"

"नळ बंद करा!" ती म्हणाली आणि हसत हसत तिनं नळ दोनदा पिळून बंद केला.

बारा वाजेपर्यंत दोनशे चाळीस रोपं लागली. दोरी धरून लावल्यासारखी सरळ. इंदू बांधावर येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आता भाकर खाऊ." आम्ही भाकरी खाल्ली. तिनं आणलेला खरडा होता, सुकटीची चटणी होती. ती सारखी पंपाजवळच्या खोलीकडं बघत होती. "चूल त्या कोपऱ्यात मांडीन, आक्का. खिडकीखाली यमीला निजवीन. शाळा दिसंल तिला तिथनं."

"शाळा दिसते का तिथनं?"

"मी बघितलं ना आत जाऊन. पत्र्याचं टोक दिसतं."

एक वाजता पहिल्या सरीनं मान टाकली. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते डोंगरावरच्या माणसाला विचारावं. हवा गार आणि ऊन चाबकासारखं. पानं आधी मऊ पडली, मग चिंधीसारखी लोंबायला लागली, मग देठ जमिनीला टेकले. एका सरीमागून दुसरी. इंदू उठली, थोडं पुढं गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"आक्का, ह्ये काय झालं?"

ती झारी घेऊन धावली. भर उन्हात पाणी घालत सुटली. पाण्यानं काही पानं मातीला चिकटली. मग ती ओढ्याकडं गेली आणि मोठी मोठी पानं तोडून आणायला लागली, एकेका रोपावर टोपी घालायला लागली. दोनशे चाळीस पानं. मथुरा कोबीच्या वाफ्यातून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बया! बाईंच्या काकडीला झालं काय? दृष्ट लागली का मर लागली?"

आणि मी म्हणाले, "टाकलेल्या बाईचा हात वेलवर्गाला चालत नाही."

असं कुणी म्हणत नव्हतं. आमच्या गावात नाही, माझ्या माहेरी नाही, कुठंच नाही. ते माझ्या तोंडात त्या क्षणी आलं. मथुरेनं मात्र लगेच मान डोलावली. "व्हय की. आमची आजी पन म्हनायची," ती म्हणाली. तिची आजी ती जन्मायच्या आधी वारली होती.

इंदू सरीत गुडघ्यावर होती. तिच्या हातात एक पान होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग लुगड्याला पुसले.

"मला कुनी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"हाताचं."

बुधवारी, गुरुवारी ती आली. पण कशालाच हात लावीना. कोबीलाही नाही. पाट्या वाहायची, दगड वेचायची. मथुरेनं तिच्या हातचं पाणी घेतलं. पण आपल्या परड्यातल्या दुधीजवळून तिला लांबनं जायला सांगितलं. दोन दिवसांत ती म्हण शंभर वर्षांची जुनी झाली. रोपं वाळून काडी झाली होती. गुरुवारी मी घरी जाऊन बारा नळ्या परड्यात लावल्या. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पान धरून, कागदासकट. वर पळसाची पानं टाकली. का लावल्या ते मला आजही नीट सांगता येत नाही. फार वाढल्या होत्या, एवढं खरं.

शुक्रवारी बाई आल्या. एका डोळ्यावर हिरवं फडकं, हातात काठी. जीपमधून उतरल्या त्या थेट सऱ्यांवर. चांगला डोळाही त्यांचा फार चांगला नव्हता, पण काडी झालेलं रोप कळायला डोळे कशाला लागतात? त्यांनी वाकून एक उपटलं आणि बोटांत मूळ चोळलं.

"कागद कुठे?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"इंदू, कागद कुठे?"

"काढला, बाई."

"काढला? मी लिहून ठेवला, त्यात काय लिहिला होता?"

इंदूनं माझ्याकडं बघितलं. मी पंपाच्या खोलीकडं बघत होते. बाईंनी काठी टेकत टेकत सगळ्यांना तिकडं नेलं. मथुरा आणि दुसऱ्या दोघी दारात उभ्या राहिल्या. बाईंनी काठीनं खिळ्यावरच्या कागदाकडं दाखवलं.

"मला आज दिसत नाय. तू वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

माझं अक्षर चांगलं आहे. बोटाएवढी अक्षरं होती, लाल पेन्सिलीनं काढलेली, वरपासून खालपर्यंत नऊ ओळी. इंदू त्या कागदासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. मागं मथुरा कुजबुजली, "वाच की गं, देवीचा कौल हाय का त्यो?" कुणीतरी फिसकन हसलं.

इंदू म्हणाली, "नळ बंद करा."

नळ ठिबकत होता तेवढा ऐकू येत होता.

"काय?" बाई म्हणाल्या.

"नळ बंद करा," ती पुन्हा म्हणाली, आणि ह्या वेळी तिला कळलं होतं की ते तसं नाही. "आक्का..." ती माझ्याकडं वळली.

"बाई, मी तुमच्यासमोरच लिहिलं होतं," मी म्हणाले.

शिरीनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाजही चढवला नाही. "रोपं मेली तर मेली, बी परत येते," त्या म्हणाल्या. "पण मी तुला विचारला होता, वाचता येते का. तू हो म्हणाली. खोटा बोलणारा माणूस मला नको. उद्यापासून येऊ नको."

"हो म्हणायला मला..." इंदू म्हणाली आणि थांबली. तिनं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते मला तेव्हा वाटलं की घाबरून. आता वाटतं, की तिला अजूनही मी तिच्या बाजूची वाटत होते.

शनिवारी सकाळी ती माझ्या घरी आली. स्वेटर परत द्यायला. धुतलेला, घडी घातलेला. बोचकं काखेत होतं. पोलादपूरची एसटी दहाला होती. मी परड्यात होते. ती पुढच्या दारानं न येता कुडाच्या बाजूनं, थेट परड्यातच आली.

"आक्का, ह्यो घ्या. माझ्यामुळं तुम्हाला बाईंचं बोलनं ऐकावं लागलं."

मी स्वेटर घेतला. ती जायला वळली आणि तिथंच उभी राहिली.

बारा रोपं होती. पाणी घालायला पळसाची पानं मी बाजूला केली होती. हिरवीगार, टवटवीत, ताठ मानेची. प्रत्येकाच्या बुंध्याशी मातीच्या वर बोटभर कागद दिसत होता, गळपट्ट्यासारखा. कागदावरची छापील अक्षरंसुद्धा दिसत होती.

तिला वाचता येत नव्हतं. पण ते तिनं वाचलं.

मला वाटलं आता शिव्या देईल, केस धरील. मी स्वेटर पोटाशी धरून उभी होते. तिनं बोचकं खाली ठेवलं, पहिल्या रोपाशी वाकली आणि त्याच्या पानावरून हात फिरवला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. भातलावणीला वाकावी तशी वाकून, एकही न वगळता, बाराव्यापर्यंत. देठाला धक्का लागू न देता, फक्त पानाला. लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा.

मग तिनं बोचकं उचललं.

"मी हात लावलाय, आक्का," ती म्हणाली. "आता बघा मरत्यात का."

ती गेली.

रोपं मेली नाहीत. आठ दिवसांत तळहाताएवढी पानं परातीएवढी झाली, पिवळी फुलं आली आणि संक्रांतीपर्यंत त्या बारा झाडांनी इतक्या काकड्या दिल्या, की मी घरी शिजवल्या, शेजारी वाटल्या आणि शेवटी म्हशीला घातल्या. नवरा म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण आहे हां." बाईंना मी सांगितलं नाही.

पंपाजवळच्या खोलीत पुढं खताची पोती ठेवली. शिरीनबाई सात वर्षांनी वारल्या. जाण्याआधी त्यांनी मला आपली शाल दिली आणि तुझ्यासारखी इमानी बाई बघितली नाही असं म्हणाल्या. मळा भाच्यानं विकला. तिथं आता हॉटेल आहे. मथुरा अजून आहे. ऐकू येत नाही, पण बोलते पुष्कळ. यमी त्या दिवाळीनंतर मुंबईला गेली. तिच्या मामाचं एक पत्र माझ्या पत्त्यावर आलं होतं, इंदूसाठी. ते मी फोडलं आणि वाचलं. पोर रडत नाही, कामाला चांगली आहे, असं लिहिलं होतं. ते मी कुठं पाठवणार? इंदू भावाच्या घरी थांबली नव्हती. माझ्या थोरल्यानं एकदा तिला महाडच्या बाजूला वीटभट्टीवर बघितलं. तो म्हणाला, "आई, तिनं मला ओळखलं. तुझी तब्येत विचारली."

माझी मुलगी सुरेखा लग्नानंतर नऊ वर्षांनी परत आली. जावयानं दुसरी केली. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती परड्यात गेली. तिला लहानपणापासून झाडांचा नाद. मी पडवीत वालाच्या शेंगा सोलत होते. माझी सून तिच्या मागोमाग गेली. सून वाईट नाही. हळू आवाजात, अगदी गोड बोलून तिनं सांगितलं, "वन्सं, राग मानू नका. बाकी कशालाही लावा, पण दोडक्याच्या वेलाला तेवढा हात लावू नका. आपल्या गावात पूर्वीपासून आहे तसं. सासूबाईंना विचारा हवं तर."

सुरेखानं वेलाजवळचा हात मागं घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

मी शेंगा सोलत राहिले.